जाळीदार कागदावरच्या जुन्या फोटोतली जाळी स्कॅनमधून कशी काढायची

प्रश्न असा आलाय: आईवडिलांच्या लग्नाचा १९८२ सालचा रंगीत फोटो, पोस्टकार्डाएवढा, कागदाला मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. हातात धरला की छान दिसतो, पण घरच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) स्कॅन केला की आईच्या चेहऱ्यावर सगळीकडे पांढरे-काळे ठिपके येतात, आणि ब्लर मारला की ठिपक्यांबरोबर नथीतले मोतीपण जातात. काय करायचं?

मी वीसेक वर्षं जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचं काम करतोय आणि या जाळीच्या कागदाशी माझी जेवढी झटापट झालीये तेवढी बुरशी आणि फाटलेल्या फोटोंशीपण नाही झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ती जाळी फोटोत नाहीये, ती उजेडात आहे. म्हणजे कागदावर शाईने ठिपके छापलेले नाहीयेत, कागदाचा पृष्ठभागच उंचसखल आहे. रंगीत फोटोच्या कागदावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो कारखान्यात गरम असताना नक्षीच्या रोलरवरून फिरवला की त्यावर ती जाळी उमटते आणि कायमची राहते. लोकांना ती आवडायची कारण बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे त्यात लपून जायचे, आणि स्टुडिओवाल्यांना आवडायची कारण अशा फोटोवरून दुसऱ्या कुणाला कॉपी काढायला जड जायचं. आता आपल्याला जे जड जातंय ते त्याचंच फळ.

स्कॅनर काय करतो, तर काचेखाली दिव्याची पट्टी सरकत जाते आणि बहुतेक घरगुती स्कॅनरमध्ये तो दिवा सेन्सरच्या एकाच बाजूला असतो, म्हणजे उजेड एका अंगाने तिरका पडतो. संध्याकाळी ऊन कलल्यावर नांगरलेल्या शेतातली प्रत्येक सरी कशी ठळक दिसते आणि तेच शेत भर दुपारी सपाट दिसतं, अगदी तसंच. जाळीच्या प्रत्येक खळग्याची एक कड उजळते आणि समोरची कड काळी पडते. हे एकदा कळलं की ब्लर, मीडियन, नॉइज रिडक्शन ही हत्यारं चुकीची का आहेत ते आपोआप कळतं, कारण त्यांना नथीतला मोती आणि खळग्याची चमक यातला फरक समजत नाही, दोन्ही सारखेच बारीक आणि सारखेच उजळ.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी उजेडाने जेवढं जाईल तेवढं घालवायचं, मग उरलेलं गणिताने, आणि ब्रश अगदी शेवटी. बरेच जण उलटं करतात आणि तिथेच फसतात.

त्याच्याही आधी घरात निगेटिव्ह शोधा. मी हे मनापासून सांगतो कारण निम्म्या लोकांना आठवतच नाही. निगेटिव्हवर जाळी नसते, कारण जाळी फक्त कागदाची. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या कप्प्यात, बँकेच्या कागदपत्रांच्या पिशवीत, ट्रंकेत तळाला, किंवा फोटो ज्या पाकिटात आले त्याच पाकिटाच्या दुसऱ्या घडीत त्या पट्ट्या पडलेल्या असतात. फोटोच्या मागे पेन्सिलने नंबर असेल तर तो स्टुडिओचा निगेटिव्ह नंबर असू शकतो, स्टुडिओ अजून चालू असेल तर जाऊन विचारायला काय हरकत आहे. निगेटिव्ह मिळाली तर ती फिल्म स्कॅनरवर किंवा लाइटबॉक्सवर ठेवून कॅमेऱ्याने काढा आणि हे पुढचं सगळं विसरा.

नाही मिळाली, असं धरून चालू.

३०० डीपीआय कमी पडतं. कारण असं की जाळीचा एक खळगा समजा अर्धा मिलिमीटर असेल, तर ३०० ला तो सहा पिक्सेलात बसतो आणि त्याच्या कडा तर दोन-दोन पिक्सेलात, म्हणजे जाळी धड उमटतही नाही आणि धड जातही नाही, मधलंच काहीतरी लापशी होते. ६०० ला तोच खळगा बारा पिक्सेलांचा, स्वच्छ, मोजता येण्याजोगा. जाळी काढायची तर आधी ती नीट पकडावी लागते, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. १२०० ची गरज नाही, फाइल नुसती फुगते. रंग ४८ बिट, फाइल टिफ, जेपेग अजिबात नको कारण जेपेग स्वतःचे आठ बाय आठचे चौकोन त्यात घालतं आणि मग दोन जाळ्या होतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग, डस्ट रिमूव्हल, डिस्क्रीन, ऑटो एक्स्पोजर, सगळं बंद. डिस्क्रीन हे वर्तमानपत्रातल्या किंवा मासिकातल्या छापील ठिपक्यांसाठी असतं, ते शाईचे ठिपके, त्यांचा आणि आपल्या जाळीचा संबंध नाही. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च फोटोच्या कडेने आडवा मारा, फोटो कलता केल्यावर जाळी हलली-बदलली तर ती उंचसखल आहे, तशीच राहिली तर छापील आहे.

फोटो पुसायला ओलं फडकं नाही, थुंकी नाही, कोलीन नाही. रबरी ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रशने धूळ झटका, बस. आणि पावसाळ्यात काचेवर जड पुस्तक ठेवून फोटो तासभर दाबून ठेवू नका, दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो आणि निघताना चेहरा काचेवर राहतो. फ्रेममध्ये आधीच काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो ओढू नका, काचेसकटच कॅमेऱ्याने काढा.

आता मुख्य युक्ती. फोटो सरळ ठेवून एक स्कॅन घ्या. मग फोटो काचेवर १८० अंशात फिरवा, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि त्याच सेटिंगवर दुसरा स्कॅन घ्या. दुसरा स्कॅन कॉम्प्युटरवर १८० अंश फिरवून सरळ करा आणि दोन्ही एकमेकांवर लेयर म्हणून, म्हणजे पारदर्शक कागदांसारखे थर करून ठेवा. काय होतं बघा: फोटोतलं चित्र दोन्हीत तेच आहे, पण दिव्याच्या हिशोबाने कागद उलटा झाला म्हणून पहिल्या स्कॅनमध्ये खळग्याची जी कड उजळ होती ती दुसऱ्यात काळी आहे आणि जी काळी होती ती उजळ. वरच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५० टक्के केली की दोघांची सरासरी होते आणि उजळ-काळं एकमेकांना खाऊन टाकतं. आईचा चेहरा दोन्हीत सारखाच आहे, त्याची सरासरी म्हणजे तोच चेहरा. एक बारीकसुद्धा रेघ हरवत नाही. पहिल्यांदा हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, इतकं ते साधं आणि सुंदर आहे.

पण दोन स्कॅन तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत, नाहीतर सरासरीने चित्रच पुसट होतं आणि लोक म्हणतात युक्ती चालत नाही. फोटोशॉपमध्ये दोन्ही लेयर निवडून एडिट मेनूतलं ऑटो-अलाइन लेयर्स वापरा. फुकटातलं हवं तर फिजी घ्या, ते इमेजजे नावाच्या फुकट चित्र-सॉफ्टवेअरचंच मोठं रूप आहे, त्यात सिफ्ट नावाचं अलाइनमेंट प्लगइन आधीच बसवलेलं असतं आणि ते फार चांगलं काम करतं. बसलंय की नाही ते तपासायला वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा, नीट बसलं असेल तर सगळं जवळजवळ काळं दिसतं आणि फक्त जाळी मंद चमकते. नुसता मधला भाग बघून थांबू नका, चारही कोपरे बघा, कारण स्कॅनरची पट्टी सरकताना सगळीकडे सारख्या वेगाने सरकते असं नाही, मध्ये बसलेलं कोपऱ्यात दोन पिक्सेल सरकलेलं सापडतं.

जाळी फार खोल असेल किंवा कागद चकचकीत असेल तर दोन स्कॅननी भागत नाही, कारण काही खळगे आरशासारखे चमकतात आणि चमक कुठल्याच स्कॅनमध्ये काळी होत नाही, सरासरीत ती फक्त अर्धी होते. तेव्हा चार स्कॅन घ्यायचे, ०, ९०, १८० आणि २७० अंश. चारांची सरासरी हवी तर लेयरची ओपॅसिटी खालून वर १००, ५०, ३३, २५ अशी ठेवा, सगळ्यांना २५ ठेवली तर सगळ्यात वरचा जास्त दिसेल. त्याहून चांगलं म्हणजे मीडियन, पण वर चुकीचं म्हटलं तो एकाच फोटोवर मारायचा फिल्टर नव्हे, चार स्कॅनमधलं मीडियन. फिजीत चारही फोटो एका स्टॅकमध्ये घालून झेड प्रोजेक्टमध्ये मीडियन निवडलं की प्रत्येक पिक्सेलला सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळी किंमत बाद होते आणि मधल्या दोघांची सरासरी उरते. एकाच स्कॅनमध्ये चमकलेला ठिपका तिथे साफ बाद होतो.

माझ्या अनुभवात पोळ्याच्या जाळीचे बरेचसे फोटो इथेच सत्तर-ऐंशी टक्के साफ होतात आणि फोटो छोटाच छापायचा असेल तर इथेच थांबावं.

उरलेल्या जाळीसाठी फुरिये, म्हणजे एफएफटी. नाव ऐकून घाबरू नका. भजनात टाळ एका लयीत वाजत असतो आणि वरून अभंगाचे शब्द चाललेले असतात, टाळाची लय ठरलेली असल्यामुळे कान लावला तर तो वेगळा ऐकू येतो. एफएफटी चित्राचं तेच करते, चित्रात कुठली लय किती वेळा पुन्हा पुन्हा येते ते वेगळं मांडून दाखवते. चेहरा, साधी साडी, पडदा यांना सहसा ठरलेली लय नसते म्हणून त्यांचा सगळा धुरकट ढग मधोमध जमतो, आणि जाळी एकाच अंतराने एकाच दिशेने येत असल्यामुळे तिचे लख्ख ठिपके ढगाच्या बाहेर उठून दिसतात. पोळ्याच्या जाळीचे साधारणपणे केंद्राभोवती सहा ठिपके दिसतात आणि त्यांच्या बाहेर आणखी फिकट ठिपक्यांची कडी. कापडासारख्या विणीच्या कागदाचे अधिकच्या चिन्हासारखे उभे-आडवे ठिपके. त्या ठिपक्यांवर काळा रंग फासायचा, उलटी एफएफटी करायची, आणि जाळी गेलेलं चित्र परत मिळतं. हे गणित कॉम्प्युटरवर सेकंदात होतं ते १९६५ साली कूली आणि टुकी यांनी मांडलेल्या झटपट पद्धतीच्या जोरावर, एरवी एवढ्या मोठ्या स्कॅनला हे परवडलंच नसतं.

कशात करायचं? ऍफिनिटी फोटोमध्ये एफएफटी डीनॉइज नावाचा फिल्टर आतच आहे. गिंपला जी-मिक प्लगइन लावलं की त्यात फुरिये मिळतं. मी स्वतः बहुतेक वेळा इमेजजे वापरतो, शास्त्रज्ञांसाठी बनलेलं आहे, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं: प्रोसेस मेनूत एफएफटी, मग गोल सिलेक्शनने ठिपका निवडा, फोरग्राउंड काळा ठेवून फिल, सगळे ठिपके झाले की त्याच मेनूत इन्व्हर्स एफएफटी. ठिपके नेहमी जोडीने असतात, केंद्राच्या एका बाजूला एक आणि बरोब्बर समोर दुसरा, दोन्ही मारा. मधला ढग आणि केंद्रातून जाणारी उभी-आडवी लख्ख रेघ यांना हात लावायचा नाही, केंद्र म्हणजे फोटोचा सगळा उजेड-अंधार आहे आणि ती रेघ चित्राच्या कडांमुळे येते.

रंगीत फोटोला आधी लॅब मोडमध्ये (यात उजेड एका चॅनेलमध्ये आणि रंग दुसऱ्या दोघांत वेगळे ठेवलेले असतात) नेऊन फक्त एल, म्हणजे उजेडाच्या चॅनेलवर हे करा. जाळी ही सावलीची भानगड आहे म्हणून ती जवळजवळ सगळी उजेडाच्या चॅनेलमध्ये असते, रंगाच्या दोन चॅनेलना हलका ब्लर दिला तरी डोळ्याला कळत नाही. आणि हे सगळं फोटो सरळ करण्याच्या, ताणण्याच्या, कॉन्ट्रास्ट वाढवण्याच्या आधी करायचं, कारण फोटो वाकडा ताणला की जाळीचं अंतर जागोजागी बदलतं आणि लख्ख ठिपक्याचा पसरट डाग होतो. कागद गुंडाळी मारलेला असेल तरी तेच होतं.

आता मी केलेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या फोटोत नक्की होऊ शकते. एका बाईंनी त्यांच्या आजीचा फोटो दिला होता, ओट्यावर बसलेली आजी, अंगावर बारीक चौकडीचं नऊवारी लुगडं, कागद विणीच्या नक्षीचा. मी एफएफटी लावली, उभे-आडवे ठिपके दिसले, सगळे मारले, जाळी गेली, फोटो लोण्यासारखा झाला. प्रिंट हातात घेतल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आजीचं लुगडं साधं कसं झालं? चौकडी गेली होती. लुगड्याची चौकडीसुद्धा ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा येणारी लय, तिचेपण ठिपके, आणि मी कागदाबरोबर तिलाही फासून टाकलं. आजी मरेपर्यंत तसलीच लुगडी नेसायची आणि घरच्यांना ती ओळखीची खूण होती, आणि मी ती पुसली. पुन्हा सुरुवातीपासून केलं, पण तेव्हापासून एक गोष्ट कधी चुकवत नाही.

ती अशी. फोटो नेहमी पांढऱ्या समासासकट स्कॅन करायचा. कागदाची जाळी समासावरही असते, चित्र मात्र तिथे नसतं. समासाचा, किंवा समास अरुंद असेल तर मागच्या कोऱ्या भिंतीचा, पडद्याचा, आभाळाचा चौकोनी तुकडा कापून आधी त्याची एफएफटी बघायची. तिथे जे ठिपके दिसतील ते शंभर टक्के कागदाचे. मग पूर्ण फोटोच्या एफएफटीत त्याच दिशेला आणि केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या त्याच प्रमाणात जे ठिपके असतील तेवढेच मारायचे. तुकड्यात ठिपका केंद्रापासून कडेच्या एक षष्ठांश अंतरावर असेल तर पूर्ण फोटोतही तिथेच असणार. बाकीचे ठिपके लुगड्याचे, खणाच्या चोळीचे, खिडकीच्या गजांचे, विटांच्या भिंतीचे, त्यांना राहू द्या. तुमच्या आईचा शालू पैठणी किंवा बुट्ट्यांचा असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

दुसरं, काळा रंग फासताना ठिपक्याएवढाच फासा. मोठा गोळा मारला तर मंगळसूत्राच्या, फेट्याच्या कडेने पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा येतात. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये करत असाल तर मऊ कडेचा ब्रश घ्या. आणि साफ झालेला लेयर मूळ लेयरवर ठेवून मास्क लावा, म्हणजे वरचा लेयर कुठे दिसावा आणि कुठे झाकावा ते ब्रशने ठरवता येतं, गालावर, भिंतीवर, आभाळावर साफ लेयर पूर्ण, पण डोळे, पापण्या, नथ, दागिने इथे मूळचा थोडा परत आणा. डोळ्यात थोडी जाळी राहिली तरी चालते, डोळा मेणाचा झाला तर चालत नाही.

ज्या कागदाचा पोत अनियमित असतो, म्हणजे जुन्या कृष्णधवल मॅट कागदासारखा नुसता खरबरीत, तिथे एफएफटीचा उपयोग नाही कारण लयच नाही. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या, म्हणजे इंदूच्या कागदावर छापलेले कितीतरी फोटो आपल्याकडे घरोघरी आहेत, तुमच्या अल्बममध्येही असतील, त्यातला खरबरीत मॅट फोटो सापडला तर त्याला उजेडाचाच इलाज. तिथे मी स्कॅनर सोडून कॅमेरा घेतो. फोटो टेबलावर सपाट, कॅमेरा वरून बरोबर सरळ, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात एकसारखे दोन दिवे. कॅमेरा सरळ आहे का ते बघायला फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवा, आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्ये दिसलं की सरळ. दोन्ही दिव्यांवर एकाच दिशेने पोलराइझिंग शीट (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी फिल्म) लावायची आणि लेन्सवर तसाच फिल्टर, म्हणजे पोलराइझर. फोटोशेजारी स्टीलचा चमचा ठेवून लेन्सवरचा पोलराइझर फिरवत जायचं, चमच्यावरची दिव्याची चमक जवळजवळ काळी झाली की थांबायचं. आता कागदाच्या पृष्ठभागावरून परतलेली चमक कॅमेऱ्यात शिरतच नाही, आत मुरून आलेला रंगच फक्त येतो, त्यामुळे पोत गळून पडतो आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. जुन्या कृष्णधवल फोटोच्या अंधाऱ्या भागात जी निळसर चांदीची झाक चढलेली असते तीही बरीच कमी होते. उजेड मात्र निदान दोन-तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी होतो, म्हणून ट्रायपॉड आणि टायमर लागतोच. चमच्याचं काम झालं की तो बाजूला काढायला विसरू नका.

एका क्लिकमध्ये चेहरा साफ करणारी ऍप आहेत आणि बरेच जण तीच सुचवतील. मला त्यांचा राग नाही, पण माझं म्हणणं स्पष्ट आहे: ती जाळी काढत नाहीत, चेहरा नवीन काढतात. जाळीने झाकलेला डोळा त्यांना दिसत नाही म्हणून ती कुठल्यातरी हजार डोळ्यांवरून एक डोळा बनवून तिथे बसवतात, आणि तो देखणा असतो, पण तो तुमच्या आईचा नसतो. एकदा एका गिऱ्हाइकाने असा साफ केलेला फोटो आणला होता, त्यात त्याच्या वडिलांच्या भुवईतली जखमेची खूण भरून निघाली होती. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागलेली ती खूण. पोरांना बाबा दिसले, पण त्यांच्या काकांनी बघताक्षणी सांगितलं की हा दादा नाही. मूळ फोटोच्या चार स्कॅनमधून ती खूण व्यवस्थित परत आली.

मूळ स्कॅन, चारही, तसेच्या तसे जपून ठेवा, फाइलच्या नावात साल आणि कोण-कोण आहे ते लिहा, आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, शाईने लिहिलेली तारीख आणि स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो. समोर कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का असेल तर जाळीबरोबर तो जाणार नाही याची काळजी घ्या, तिथे मास्कमध्ये मूळ लेयरच ठेवा, किंवा ज्या स्कॅनमध्ये तो ठळक दिसतो तोच तेवढ्या भागात वापरा.

आणि प्रिंट काढायला जाल तेव्हा लॅबमध्ये कागद कुठला ते स्वतः सांगा. बऱ्याच ठिकाणी मोठ्या प्रिंटवर सवयीने जाळीचं नाहीतर कॅनव्हासच्या पोताचं लॅमिनेशन चढवून देतात. साधा मॅट, वरून काही नको, हे पावतीवर लिहून घ्या.